डीसाइडचा 'बॅनिश्ड बाय सिन': जोर अजून आहे की नुसती सवय उरलीय?

कोथरूडचा_ग्राउल

डीसाइड या अमेरिकी डेथ मेटल (अतिशय वेगवान, कर्कश रॉक) बँडचा 'बॅनिश्ड बाय सिन' हा अल्बम एप्रिल 2024 मध्ये आला आणि तेव्हापासून जी काही भांडणं झाली ती बहुतेक मुखपृष्ठावरून. ते एआयने केलेलं आहे यावर जगभरचे चाहते तुटून पडले. गाण्यांबद्दल मात्र कुणी धड बोलत नाही, म्हणून हा धागा.

माझं मत स्पष्ट आहे. 2006 च्या 'द स्टेंच ऑफ रिडेम्प्शन'नंतरचा हा त्यांचा सगळ्यात दमदार अल्बम आहे. फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या या बँडचा हा तेरावा अल्बम, आणि आधीच्या 'ओव्हरचर्स ऑफ ब्लास्फेमी'नंतर जवळपास सहा वर्षांनी आलेला. मधल्या काळात टेलर नॉर्डबर्ग गिटारवर आला. त्याच्या आणि दुसरा गिटारवादक केविन क्विरियनच्या सोलोंना (एकट्या गिटारच्या तुकड्यांना) चाल आहे, ते गाण्याला पुढे नेतात. 'बरी द क्रॉस... विथ युवर क्राइस्ट' दोनदा ऐकलं की डोक्यातून जात नाही.

आणि गायक ग्लेन बेंटन! साठीकडे झुकलेला माणूस. हेडफोन लावून नीट ऐका: खालच्या ग्राउलमध्ये (घशातून काढलेल्या गुरगुरत्या आवाजात) ओळ सुरू होते आणि मोक्याच्या शब्दावर वरून दुसरा, चिरका आवाज येऊन बसतो. 1990 च्या पहिल्या अल्बमपासूनची ही त्याची खूण. ती अजूनही अंगावर येते.

लीजन_1992

पूर्ण असहमत.

तुम्ही 'स्टेंच'शी तुलना केलीत, कारण त्यांच्याच 1992 च्या 'लीजन'शी केली तर हा अल्बम पाच मिनिटं टिकणार नाही. 'लीजन'मध्ये आठ गाणी, सगळी मिळून अर्धा तासही भरत नाही. एक रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) कळतोय न कळतोय तोवर ताल बदलतो, दुसरा रिफ अंगावर येतो, आणि तेव्हाचे गिटारवादक हॉफमन बंधू यांच्या गिटारी एकमेकींवर चढतात. पहिल्यांदा ऐकताना काही कळत नाही. दहाव्यांदा ऐकताना एकेक गोष्ट उलगडते. इथे बारा गाणी आहेत, बहुतेक तीन-साडेतीन मिनिटांची, आणि प्रत्येकाचा सांगाडा तोच: वेगवान सुरुवात, मान हलवायला एक संथ रिफ, सोलो, पुन्हा सुरुवातीचा रिफ, संपलं. पहिल्याच ऐकण्यात सगळं कळतं, म्हणून पुन्हा ऐकावंसं वाटत नाही.

हॉफमन 2004 मध्ये बाहेर पडले. माझ्या लेखी डीसाइड तिथेच थांबला.

डबल_किक

ड्रम वाजवणाऱ्याच्या नजरेतून थोडं. ड्रमर स्टीव्ह अ‍ॅशाइम 1987 पासून या बँडमध्ये आहे आणि यांची बरीचशी गाणी तोच रचतो. त्यामुळे 'हॉफमन गेले, बँड संपला' हे मला कधीच पटलं नाही. नव्या अल्बममध्ये त्याचे पाय पूर्वीइतकेच चालतात, पण तो जागा सोडायला शिकलाय. 'सेव्हर द टंग'मध्ये रिफला श्वास घेता येतो तो त्यामुळेच.

तक्रार मिक्सबद्दल, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याबद्दल आहे. प्रत्येक किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकाच मापाची, एकाच जोराची ऐकू येते. निर्माता स्कॉट बर्न्सने टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत केलेल्या जुन्या रेकॉर्डिंगमध्येही किक कोरडी आणि टकटक करणारीच होती, पण तिथे हात-पाय माणसाचे आहेत हे कळायचं.

शाई_आणि_ब्रश

मुखपृष्ठाचा विषय धागाकर्त्यांनी दोन ओळींत गुंडाळला, ते मला मान्य नाही. मी चित्रकार आहे आणि या संगीताकडे मी चित्रांमुळेच वळले. कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडे मॉर्बिड एंजल या बँडच्या 'आल्टर्स ऑफ मॅडनेस'ची सीडी पाहिली. डॅन सीग्रेव्हचं ते चित्र, चेहऱ्यांत चेहरे, त्यांत आणखी चेहरे! संगीत ऐकण्याआधी अर्धा तास मी चित्रच बघत बसले होते. कॅनिबल कॉर्प्स या बँडने 2023 च्या 'केऑस होरिफिक'साठीसुद्धा चित्रकार व्हिन्सेंट लॉककडेच काम दिलं, 1990 च्या पहिल्या अल्बमपासून देत आलेत तसंच. डीसाइडनेही 2018 मध्ये झ्बिग्न्येव्ह बिएलाक या चित्रकाराचं मुखपृष्ठ घेतलं होतं. म्हणजे चांगला चित्रकार कुठे मिळतो हे त्यांना ठाऊक होतं.

डेथ मेटलमध्ये कुणी गडगंज होत नाही. वादक, तंत्रज्ञ, चित्रकार, टी-शर्ट छापणारे असे सगळे एकमेकांना काम देतात म्हणून हे जग तगून आहे. त्यातल्या एकाला वगळलं, तर पुढचा नंबर कुणाचा? ग्राउलची नक्कल यंत्राने केली तर तुम्ही ऐकाल का?

गिटारवाला_नागपूर

+1. शेवटचा प्रश्न अगदी वर्मावर.

वसईकर_डिसोझा

मी ख्रिस्ती घरातला, दर रविवारी मिस्साला जाणारा, आणि विशीपासून डीसाइड ऐकणारा. घरात यावरून वाद झाले आहेत, अजूनही होतात. त्यामुळे त्यांच्या ख्रिस्तविरोधी शब्दांबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

त्यांचा 1995 चा 'वन्स अपॉन द क्रॉस' मी ऐकला तेव्हा खरोखर दचकलो होतो. बेंटनचा राग खरा वाटायचा. त्याला समोर कुणीतरी होतं: टीव्हीवरून धमकावणारे अमेरिकी धर्मोपदेशक, रेकॉर्ड उलटी फिरवून सैतान शोधणारे पालक. त्याने कपाळावर उलटा क्रूस डागून घेतला तो त्या काळात. 1992 मध्ये स्टॉकहोमला त्यांच्या कार्यक्रमाच्या जागी बॉम्बस्फोट झाला होता, इतकं वातावरण तापलेलं होतं. त्या शब्दांनी माझी श्रद्धा हलली नाही, पण ती तपासून पाहायला मात्र लावलं.

आता गाण्यांची नावं वाचा: 'फेथलेस', 'द लाइट डिफीटेड', 'फेल्युअर्स ऑफ युवर डाइंग लॉर्ड'. तीस-पस्तीस वर्षांत या माणसाला देवाबद्दल एकही नवा प्रश्न पडला नाही? संगीत मला आवडलं, कोथरूडकर सोलोंबद्दल बोलतात ते खरं आहे. पण ज्या शब्दांनी माझ्यासारख्याला राग यायला हवा ते ऐकताना मला काहीच झालं नाही. डीसाइडचा श्रोता म्हणून हे मला फार लागलं.

कोथरूडचा_ग्राउल

वसईकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शब्दांत नवं काही नाही हे खरं. पण मी बेंटनकडून प्रश्नांची अपेक्षाच करत नाही. मला त्याचा आवाज एखाद्या वाद्यासारखा हवा असतो, आणि तो इथे आहे.

लीजन_1992, 'लीजन' मलाही प्रिय आहे. पण तीसेक वर्षांनी अल्बम पूर्ण वाजवत ते दौऱ्यावर निघाले, तो अवघड ऐवज मंचावर वाजवला याच लोकांनी, हॉफमन नसताना. तरी बँड 2004 मध्ये थांबला म्हणणं या वादकांवर अन्याय आहे.

शाई_आणि_ब्रश, मुखपृष्ठावर तुमच्याशी वाद नाही. पण त्याची शिक्षा गाण्यांना देऊ नका एवढंच म्हणतो.

शाई_आणि_ब्रश

गाणी ऐकली, दोनदा. 'सेव्हर द टंग' आवडलं. भारतात आले तर तिकीट काढून जाईन, पैसे वादकांना मिळतील. पण ते चित्र छापलेला टी-शर्ट किंवा रेकॉर्ड घेणार नाही.

लीजन_1992

जुनं वाजवता येणं वेगळं आणि तसं नवं रचता येणं वेगळं. तरी डबल_किक म्हणतात त्या जागा शोधायला आज रात्री पुन्हा एकदा लावतो. मत बदललं तर इथेच लिहीन.