चार जीबीचा लॅपटॉप, जत्रेची हस्तपत्रकं आणि भाच्याने दाखवलेला तो डेस्कटॉप

कागदवाला (डिचोली)

नमस्कार मंडळी. डिचोली बाजारात माझं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, भजनी स्पर्धांची पत्रकं, आणि कार्तिक लागला की जत्रांच्या नाटकांची हस्तपत्रकं. सगळं काम एका लॅपटॉपवर चालतं: पाचव्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्डडिस्क. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अकरा नंबरला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, म्हणजे माझ्या मशीनला दारातूनच परत पाठवलं. जत्रांचा मोसम सरेपर्यंत नव्या लॅपटॉपचे पैसे सुटत नाहीत. म्हणून लिनक्स, विंडोजच्या जागी बसणारी फुकट प्रणाली.

इथवर डोकं ठिकाणावर होतं. मग दिवाळीला पुण्याहून भाचा आला आणि त्याने आपला लॅपटॉप उघडून दाखवला. स्क्रीनवर एकही आयकॉन नाही. वर बोटभर पट्टी, मागे धुक्यातला डोंगर, आणि खिडक्या उघडल्या की आपोआप शेजारीशेजारी बसतात, पंगतीला पानं मांडावीत तशा. माउसला हात नाही. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, आर्च, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, आणि त्याच्यावर आय-थ्री, म्हणजे खिडक्या मांडणारा प्रोग्राम (माझ्या प्रोसेसरचा फक्त नावबंधू). "मामा, ह्यात आपल्याला हवं तेवढंच असतं." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या दुकानात नको ते इतकं भरलंय की एक तरी वस्तू हवी तेवढीच असावी असं वाटतं.

पण जो तो नवख्याला मिंट हा लिनक्सचा दुसरा प्रकार घे म्हणून सांगतो, आणि मिंट चित्रात बघितलं तर विंडोजचा धाकटा भाऊ. मग बदललं काय?

विचारायचं ते असं. मिंट घेतलं तर भाच्यासारखा डेस्कटॉप कधीच होणार नाही का? आर्चसारखं घेतलं तर चार जीबीत खरंच जास्त पळेल का? आणि मराठीचं काय? टायपिंग मला इनस्क्रिप्ट कळफलकावर येतं, पण पंधरा वर्षांच्या जुन्या फायली युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत आहेत. पेजमेकर आणि कोरल ह्या छपाईची मांडणी करायच्या प्रोग्रामांच्या. त्या उघडतील? पंधरा दिवसांत पहिल्या जत्रेचं पत्रक छापायचं आहे, ते ध्यानात ठेवून सांगा.

फर्मागुडीचो भुरगो

काका, सरळ आर्च टाका. लोक उगाच भिववतात. २०२१ पासून आर्चइन्स्टॉल नावाची स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरच मिळते. डिस्क कुठली, भाषा कुठली, डेस्कटॉप कुठला, ती विचारते, तुम्ही निवडता. अडलं तर आर्च विकी ही नेटवरची मदतवही आहे, मिंटवालेसुद्धा तीच वाचतात. मी हॉस्टेलवर दोन वर्षं चालवतोय. एकदाच फुटलं, तेही माझ्या चुकीने. आणि जे शिकायला मिळतं ते मिंटमध्ये बटणं दाबून नाही मिळत. भाच्याकडून त्याच्या डॉटफाइल्स (सेटिंगच्या फायली) घ्या, आपल्या फोल्डरात टाका, संध्याकाळी तुमचा डेस्कटॉप त्याच्यासारखा.

जुनाटयंत्र (वाळपई)

भुरग्याचं खोटं नाही, पण तो हॉस्टेलवर आहे आणि कागदवालेबाब दुकानात आहेत. फुटलं तर त्याचं एक जर्नल उशिरा जाईल. इथे गावचं नाटक पत्रकाविना राहील.

मी आर्च तीन वर्षं वापरलं, त्यातली एक गोष्ट सांगतो. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान बांधून झालं, पाऊस लागलेला, म्हटलं तेवढ्यात अपडेट मारू. आर्च रोलिंग आहे, म्हणजे ठरावीक आवृत्ती नाही, सतत नवं येत राहतं. चार आठवडे साचलेलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलत असताना वीज गेली. लॅपटॉपच्या बॅटरीने केव्हाच मान टाकली होती, तो जागच्या जागी बंद. वीज आल्यावर काळा पडदा, कर्नल मिळत नाही म्हणून दोन ओळी. पेनड्राइव्हवरून चालू करायचं, आत शिरायचं, पॅकमन ह्या आर्चच्या अपडेट-साधनाने ठेवलेली कुलूप-फाइल पुसायची, अपडेट पुन्हा पहिल्यापासून. येतं मला ते. पण दुसऱ्या दिवशी गणपती, आणि घरचे बघतायत हा काळ्या पडद्यासमोर काय आरती करतो.

वीज कुठल्याही लिनक्सवर जाते, मान्य. मिंटवरही अपडेट अर्धवट तुटू शकतं. पण तिथे कर्नल रोज उठून बदलत नाही, जुना कर्नल शेजारी ठेवलेला असतो, बूट होताना मेनूतून तो निवडता येतो. वर टाइमशिफ्ट सोबत येतं, आदल्या दिवसाची प्रत काढलेली असली की मागे जाता येतं. आर्चमध्येही हे सगळं जमतं. ते आधी आठवून तुम्ही बसवलेलं असलं पाहिजे, एवढंच.

खरी गोम मला तिथेच वाटते. "हवं तेवढंच" म्हणताना काय काय हवं आहे ते आपल्याला आधी ठाऊक लागतं. पहिल्यांदा मी हाताने आर्च बसवलं तेव्हा सगळं झालं, रीस्टार्ट केलं, आणि वायफाय नाही. बसवताना पेनड्राइव्हवरच्या साधनाने नेट चालत होतं. डिस्कवर नेट जोडणारा नेटवर्कमॅनेजर घालायचा राहिलेला. नेट नाही म्हणून ते उतरवता येत नाही, उतरवलेलं नाही म्हणून नेट नाही. परत पेनड्राइव्ह. नेट आल्यावर ब्राउझरात मराठी पान उघडलं तर नुसते चौकोन, कारण देवनागरी फॉन्ट मागवला नव्हता. तो आणला. मग ध्वनी. मग टचपॅडवर टिचकी मारली की क्लिक होत नाही. मग उजेड कमीजास्त करायच्या कळा मेलेल्या. प्रत्येक गोष्टीला विकीवर उत्तर आहे, आणि प्रत्येक उत्तराला एक संध्याकाळ. मी शाळेच्या प्रयोगशाळेत होतो, मला संध्याकाळी मोकळ्या होत्या.

वरच्या पट्टीचा किस्सा तर आणखी. पोलीबार नावाची पट्टी लावली, हौसेने वार मराठीत केला. सोमवार, मंगळवार झकास. शनिवारी बघतो तर नि ची वेलांटी न ला सोडून पलीकडे उभी. ती पट्टी अक्षरं एकेक सुटी मांडते, देवनागरीची जोडणी तिला कळत नाही. मी वैतागून वार इंग्रजीत केला. पुढे समजलं की आय-थ्रीच्या स्वतःच्या पट्टीला पँगो ह्या अक्षरं जोडून मांडणाऱ्या साधनातून फॉन्ट लावला की वेलांटी जागेवर येते. पुष्कळ टर्मिनलांतही (आज्ञा टाइप करायच्या खिडक्यांतही) मराठीचे असेच हाल. भाच्याच्या डॉटफाइल्समध्ये ह्यातलं काहीच नसेल, त्याला गरजच पडली नाही.

आता वेगाचं. नुसतं चालू झाल्यावर माझ्या मशीनवर आय-थ्री चारशे एमबीच्या आत बसायचं, मिंटचा हलका डेस्कटॉप एक्सएफसीई आठशेच्या आसपास. फरक आहे. पण ब्राउझरचे आठ टॅब उघडले की दोन्हीकडे रड तीच, कारण ब्राउझर काही मिनिमल होत नाही. तुमचं मशीन रॅमपेक्षा त्या फिरत्या डिस्कमुळे रडतंय. दोनशे चाळीस जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला, आणि जमलं तर आणखी चार जीबी रॅम. वितरण, म्हणजे लिनक्सचा प्रकार, कुठलं हा प्रश्न मग निम्मा उरतो.

राहिला भाच्याचा डेस्कटॉप. तो आर्चचा नाहीच मुळी. तो आय-थ्रीचा आहे, आणि आय-थ्री मिंटवरही चढतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून बसवा, बाहेर पडा, लॉगिनच्या पडद्यावर नावाशेजारच्या चिन्हावर क्लिक केलं की विचारतं, एक्सएफसीई की आय-थ्री. दुकान उघडं असताना एक्सएफसीई, शटर पाडल्यावर आय-थ्री. बिघडवलंत तर आय-थ्रीची एक फाइल बिघडेल, घर मोडणार नाही. फक्त चढवण्याआधी टाइमशिफ्टची एक प्रत काढा.

नुसत्या एक्सएफसीईतही पुष्कळ होतं. खालची पट्टी वर न्या, बारीक करा, आयकॉन लपवा, पापिरस चिन्हं घाला, मागे आपल्या चोर्ल्याचा घाट लावा. भाचा दहा सेकंद तरी फसेल. हायप्रलँड ह्या खिडक्या मांडायच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या वाटेला मात्र जाऊ नका, ती धूसर काच तुमच्या मशीनच्या ग्राफिकला जड जाईल.

आबोली (मडगाव)

जुनाटबाबांनी सगळं सांगितलं, प्रिंटर सोडून. डीटीपीवाल्याला पहिला प्रश्न तोच!

मी प्रूफं तपासते. डेबियन हे लिनक्स, वर एक्सएफसीई, सहा वर्षं. डेबियन आर्च आणि मिंटच्या मधलं म्हणा: हवं तेवढंच घालता येतं आणि रोज उठून बदलत नाही. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून वायफायचं फर्मवेअर (चिपला लागणारा आतला प्रोग्राम) बसवतानाच मिळतं, ती जुनी कटकट संपली. तरी पंधरा दिवस हातात असताना तुम्ही मिंटच घ्या. मीही पहिल्या वर्षी तेच केलं.

बसवण्याआधी मिंटचा पेनड्राइव्ह लावून काहीही न पुसता अर्धा दिवस दुकानात चालवा. मुद्दाम दुकानात म्हणते, घरी नव्हे. त्याच वायफायवर, त्याच प्रिंटरवर. नवे नेटवर्क प्रिंटर बहुधा विनातक्रार लागतात. जुने स्वस्त लेझर काही असे आहेत की कंपनीचा खास ड्रायव्हर उतरवून घालावा लागतो, आणि तो प्रत्येक नव्या आवृत्तीवर चालेलच असं नाही. माझ्याकडे तसला एक होता. दोन रविवार घालवले, मग भावजयीला दिला.

जुन्या फायली. लिबरऑफिस ड्रॉ पेजमेकरची फाइल उघडतं, कोरलचीही. इंकस्केपसुद्धा कोरलची घेतं. उघडतं म्हणजे चौकटी आणि चित्रं येतात, मांडणी थोडी सरकते. मजकूर त्या जुन्या फॉन्टाचा, म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट नसेल तर कचरा दिसेल. फॉन्टची फाइल असेल तर दिसायला बरोबर, पण दुरुस्ती करायला गेलात की अडाल, कारण त्यात टाइप करायचा प्रोग्राम विंडोजवर राहिला. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि डोळ्याखालून घाला. जोडाक्षरं हमखास चुकतात. नवं काम स्क्रायबस ह्या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये करा, छापखान्याला लागणारी चार रंगांची (सीएमवायके) पीडीएफ ते देतं.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. लिबरऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये संयुक्त लिपीची (देवनागरीसारख्या लिप्यांची) भाषा बहुधा हिंदी असते, ती मराठी करा. लोहित देवनागरीसारख्या फॉन्टात त्यावर ल आणि श चं वळण ठरतं. नाहीतर "लक्ष्मीपूजन" हिंदी ल ने छापाल आणि गावातला एखादा निवृत्त मास्तर पत्रक घेऊन दुकानात येईल. फॉन्ट निवडताना "दऱ्याखोऱ्यांतल्या" एवढा एक शब्द लिहून बघायचा. जो फॉन्ट त्यात अडखळतो तो ठेवायचा नाही.

फर्मागुडीचो भुरगो

ओके, प्रिंटर आणि ल चं मला माहीत नव्हतं. मी मराठीत टाइपच कमी करतो. पण काका, आय-थ्री मात्र घालाच. पहिल्यांदा सुरू झालं की ते मुख्य कळ विचारतं, तिथे विंडोजची कळ द्या. ऑल्ट दिलीत तर इतर प्रोग्रामांच्या शॉर्टकटांशी भांडेल. विंडोज आणि एंटर म्हणजे टर्मिनल, विंडोज आणि डी म्हणजे प्रोग्राम शोधायची पट्टी. हे दोन पाठ असले की अडकत नाही.

कागदवाला (डिचोली)

बारा दिवसांनी लिहितो, क्षमस्व. मये आणि साखळीची मिळून तीन पत्रकं गेली मध्ये.

आबोलीबाय, तुमच्या सांगण्यावरून पेनड्राइव्हवर अर्धा दिवस चालवलं म्हणून वाचलो. वायफाय लागलं, मोठा प्रिंटर लागला, कोपऱ्यातला जुना लेझर काही केल्या हलेना. मी त्याच्या नादी लागलो नाही. म्हापशाहून दोन हजारांच्या आसपास एसएसडी आणली, मिंट एक्सएफसीई त्यावर चढवलं. जुनी डिस्क पुसली नाही. ती विंडोजसकट पडून असलेल्या एका जुन्या मशीनमध्ये घातली, नेट तोडलं. लेझर आणि पंधरा वर्षांच्या फायली दोघांनाही तिथेच सासरी पाठवलं. एखादं गाव "गेल्या वर्षीचंच पत्रक, फक्त तारीख बदला" म्हणत येतं, तेव्हा तिकडे जाऊन बसतो.

लॅपटॉप आधी चालू व्हायला चहा पिऊन व्हायचा, आता चहा ओतून होत नाही. एसएसडीचीच करामत, कळतं मला. रॅमचा पत्ता अजून हाती लागलेला नाही.

संयुक्त लिपी मराठी केली. पहिलं पत्रक त्याआधीच छापून झालं होतं, हिंदी ल सकट. मास्तर नाही आले, पण नाटकातल्या खलनायकाने फोन केला, त्याचं आडनाव ल वरून.

आय-थ्री चढवलंय. शटर पाडून रोज तासभर. पट्टीवर वार मराठीत आहे, पँगोच्या कृपेने शनिवार ठीक उमटला, जुनाटबाबांची आठवण काढली. टचपॅडची टिचकी मात्र तिथे अजून चालत नाही, बटण दाबूनच काम करतो. काल शटर अर्धं वर ठेवून बसलो होतो तर एक गिऱ्हाईक वाकून आत आलं, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणालं, "बिघडलो रे? उद्या येतो." आणि गेलं. त्याच्या पन्नास झेरॉक्स होत्या.

भुरग्या, एक सांग. आय-थ्रीमध्ये दोन खिडक्या शेजारी बसतात ते छान, पण स्क्रायबसच्या छोट्या पेट्याही पंगतीत येऊन पानं अडवतात. त्या तेवढ्या उठवून वर तरंगत कशा ठेवायच्या?

फर्मागुडीचो भुरगो

विंडोज, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबा काका, ती खिडकी पंगतीतून उठते. कायमचं हवं तर आय-थ्रीच्या फाइलमध्ये त्या पेट्यांसाठी एक ओळ लिहावी लागते. रविवारी डिचोलीत येतोय, मावशीकडे. दुकान उघडं असेल तर लिहून देतो, टिचकीचंही बघू.

कागदवाला (डिचोली)

ये. शटर अर्धं असेल, वाकून ये.