मदत हवी आहे: ज्वारीच्या पिठाच्या पाकिटावर नेमकं काय छापू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात धायरीत आमची पिठाची गिरणी आहे. दळणाच्या जोडीला ज्वारीचं पीठ किलोच्या पाकिटात विकतो. ज्वारी मंगळवेढ्याची, मालदांडी वाणाची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. माल अस्सल आहे, भावही रास्त ठेवलाय. सिंहगड रोडची गिऱ्हाईकं बांधलेली आहेत. अडतंय ते वाकड-बाणेरला. तिथल्या सोसायट्यांत रविवारी टेबल लावलं की पाकिटं हातोहात खपतात, पण तीच माणसं पुन्हा मागवत नाहीत.

कारण कळावं म्हणून गुगल फॉर्म पाठवला. 'पीठ आवडलं का?' हो. 'पुन्हा घ्याल का?' तेही हो. यावरून काय समजायचं?

मागच्या रविवारी मात्र एका ताईंनी पाकीट उलटसुलट करून विचारलं, "पाणी गरम घ्यायचं की गार? माझी भाकरी थापतानाच चिरते." पाकिटावर 'शुद्ध, सात्त्विक, पारंपरिक' आहे, पाण्याबद्दल अक्षर नाही. ज्वारीत ग्लूटेन नसतं, म्हणून कणकेसारखं ते पीठ गार पाण्यात धरत नाही, आधणाचं पाणी लागतं. शिवाय दळून फार दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. आईच्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं, पण पहिल्यांदाच भाकरी थापणाऱ्याला कोण सांगणार?

गिऱ्हाईक तिथेच तुटतंय असं मला वाटतं. पण एकीच्या बोलण्यावरून नवी पाकिटं कशी छापायची? छपाई हजारांत करावी लागते. किती जणांशी बोललं म्हणजे अंदाज येतो? कसं विचारलं तर लोक भिडेखातर गोड बोलणार नाहीत? आणि दर्शनी बाजूला एकच ओळ मोठी घ्यायची तर मंगळवेढ्याचं नाव की दळल्याची तारीख? माझा कल तारखेकडे आहे, वहिनी म्हणते नावाला वजन आहे.

प्रतिसाद:

दादा, 'घ्याल का' विचारू नका, घडलेलं विचारा. पाकीट संपलं का, शेवटची भाकरी कधी केली, कशी झाली, त्यानंतर पीठ कुठून आणलं? फॉर्म नको, सरळ फोन करा, आणि जे परत आले नाहीत त्यांनाच करा. दहा-बारा फोनांत तीच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर आली की तेवढं पुरे.

छपाई थांबवा, आधी स्टिकर लावून बघा. एका रविवारी मंगळवेढा, पुढच्या रविवारी तारीख. त्या दिवशीचा खप मोजू नका, महिनाभरात पुन्हा कोणी मागवलं ते वहीत लिहा. आधणाच्या पाण्याची चिठ्ठी मात्र दोन्हींत टाका.

आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टवर विसंबू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. टेबलापाशीच गिऱ्हाइकाला तुमचा नंबर सेव्ह करायला लावा.