मदत हवी आहे : मातीत तांबे भरपूर, तरी द्राक्षाची शेंड्याची पाने पिवळी

नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्रकाशसंश्लेषणातील ताम्रप्रथिने अभ्यासताना घरच्या बागेतलाच एक प्रश्न पुढे आला आहे.

केवडा या द्राक्षावरील बुरशीसारख्या रोगासाठी वडील वर्षानुवर्षे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारत आले आहेत आणि माती परीक्षणात तांबे जास्तच निघाले आहे. तरीही गोडी छाटणीनंतर (फळांसाठी केलेल्या छाटणीनंतर) काही वेलींची शेंड्याकडची पाने पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेजारच्या बागाईतदार काकांनी तांब्याचीच आणखी एक फवारणी सुचवली, म्हणून ती घेण्याआधी विचारते.

मला समजलेले असे : प्लास्टोसायनिन हे तांब्याचा एकच अणू असलेले छोटे प्रथिन थायलॅकॉइडच्या (हरितलवकातील पटल-पिशव्यांच्या) पोकळीत राहून सायटोक्रोम बी६एफ या प्रथिनसंकुलाकडून इलेक्ट्रॉन घेते आणि प्रकाशप्रणाली १ या प्रकाश शोषणाऱ्या प्रथिनसंकुलाला देते. तो अणू दोन हिस्टिडिन, एक सिस्टीन आणि एक मेथिओनिन या अमिनो आम्लांनी धरलेला असतो. तांबे कमी पडले की क्लॅमिडोमोनाससारखे शैवाल त्याऐवजी लोहाचे सायटोक्रोम सी६ वापरते; द्राक्षवेलीला ती सोय नाही. पण इलेक्ट्रॉन देणारे सायटोक्रोम लोहावर चालते आणि घेणाऱ्या प्रकाशप्रणाली १ मध्ये लोहाचे १२ अणू असतात. म्हणजे लोह कमी पडले, तर प्लास्टोसायनिन तांब्याने भरलेले असूनही त्याचे काम अडणार, असे मला वाटते. हे बरोबर आहे का?

खात्रीसाठी मी एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर फेरस सल्फेटचे (लोहाच्या क्षाराचे) अगदी पातळ द्रावण ब्रशने लावले. आठवड्याभरात तेवढ्याच भागावर हिरवे ठिपके उमटले, दुसरा अर्धा भाग तसाच राहिला. म्हणजे कमतरता लोहाची दिसते. मात्र आमची जमीन चुनखडीची आहे आणि चुनखडीमुळेही लोह मुळांना मिळत नाही, तसेच जादा तांबेही लोहाच्या शोषणात अडथळा आणते. या दोन कारणांपैकी आमच्याकडे नेमके कोणते, हे वेगळे कसे काढावे?

देठ परीक्षणासाठी (पानांच्या देठांतील अन्नद्रव्ये मोजण्यासाठी) नमुना पाठवताना पृष्ठभागावरचे बोर्डोचे तांबे निघून जावे म्हणून देठ कशाने धुवावेत? ज्यांनी चुनखडीच्या जमिनीत मुळांतले तांबे आणि लोह मोजून पाहिले असेल, त्यांनी पद्धत कृपया सविस्तर लिहावी. तोपर्यंत तांब्याची फवारणी थांबवायला वडील तयार आहेत, पण ढगाळ हवामान आले तर केवड्याची भीती आहे, म्हणून उत्तर लवकर मिळाल्यास फार उपकार होतील.