शब्दचर्चा: ‘ओपन डिसेंट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सिम्युलेटरवर एअरबस ए३२० उडवतो आणि त्याची टिपणं मराठीत लिहून ठेवतो. ऑटोपायलटने विमान खाली आणायच्या दोन पद्धतींपैकी ‘मॅनेज्ड डिसेंट’ला ‘व्यवस्थापित अवतरण’ आणि ‘ओपन डिसेंट’ला ‘मुक्त अवतरण’ असं लिहिलं होतं. मित्र म्हणाला, दुसरं वाचून विमान दगडासारखं पडतंय असं वाटतं. शिवाय एक शंका आहे. मॅनेज्डमध्ये योजनेतला वेग २८० नॉट असतो, पण काटा कधी २९५ वर तर कधी २७० वर. खाली येण्याचा दरही सारखा बदलतो. हा प्रोग्रॅममधला घोळ, की खरं विमानही असंच वागतं? या ‘रिअलिझम’ला वास्तववाद म्हणावं का?

उत्तर : वास्तववाद कथा-कादंबऱ्यांसाठी राहू द्या. इथे ‘खरेपणा’ पुरे. आणि तुमचं विमान खऱ्यासारखंच वागतंय. मॅनेज्डमध्ये संगणक धावपट्टीकडून उलटा हिशेब करत आकाशात एक वाट आखतो आणि ऑटोपायलट ती वाट धरून ठेवतो. वाट सोडायची नाही म्हटल्यावर वेगाला थोडी मोकळीक द्यावीच लागते, साधारण २० नॉट वर किंवा खाली. मागून वारा आला आणि तो तुम्ही आधी संगणकात भरला नसेल, तर विमान वाटेच्या वर राहतं आणि ‘मोअर ड्रॅग’ (हवेचा अडथळा वाढवा) असा निरोप येतो. काटा २८० वर खिळून राहिला असता, तर मला संशय आला असता.

ओपनमध्ये याच्या उलट. वाट नाहीच. इंजिनं आयडलवर, म्हणजे कमीत कमी जोरावर, जातात आणि वेग सांभाळायचं काम नाकाकडे येतं : वेग वाढला की नाक वर, घटला की नाक खाली. मध्ये उंचीची बंधनं असतील तर तीही पाळली जात नाहीत. विमान खाली यायचं थांबतं ते तुम्ही पॅनेलवरच्या उंचीच्या खिडकीत लावलेल्या आकड्यावर. म्हणजे ‘ओपन’चा अर्थ ‘वाटेला न बांधलेलं’. म्हणून माझी सूचना : मॅनेज्डला ‘आखीव उतरण’, ओपनला ‘मोकळी उतरण’.

प्रश्नकर्ता : ‘उतरण’ ऐकलं की ‘धंदा उतरणीला लागला’ आठवतं हो. ‘अवरोहण’ कसं वाटतं?

उत्तर : अवरोह गाण्यात बरा. अवतरणाची अडचण वेगळीच आहे : कुणाला अवतरणचिन्हं आठवतात, कुणाला अवतार. मराठीची खरी पंचाईत मात्र ‘उतरणे’ या क्रियापदात आहे. ‘विमान उतरलं’ म्हणजे चाकं टेकली. ‘उतरायला लागलं’ म्हणजे अजून पाऊण तास आहे की दोन मिनिटं, ते कळत नाही. टिपणात ‘टेकणं’ आणि ‘उतरण’ हे वेगळे ठेवा, निम्मा गोंधळ मिटेल.

दुसरे एक : घाटाचा दाखला चालेल का? बोरघाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला ती मोकळी उतरण?

उत्तर : अर्ध्यापर्यंत चालेल. घाटात उतार रस्ता ठरवतो. मोकळ्या उतरणीत रस्ताच नसतो, उतार वेगावरून ठरतो. तुमचा घाट आखीव उतरणीला जास्त शोभतो. त्यावरून सुचलं : ‘टॉप ऑफ डिसेंट’ला, म्हणजे जिथून खाली यायला सुरुवात करायची त्या जागेला, ‘उतरणमाथा’ म्हणा. घाटमाथा सगळ्यांना ठाऊक आहे. हजार फुटांना तीन नॉटिकल मैल हा वैमानिकांचा तोंडी हिशेब, म्हणजे ३६,००० फुटांसाठी १०८ मैल, सुमारे २०० किलोमीटर. दक्षिणेकडून किनाऱ्याने सरळ मुंबईला येणाऱ्याचा उतरणमाथा जयगडच्या आसपास पडेल. वेग कमी करायला आणखी थोडं अंतर धरावं लागतं, ते वेगळं. आणि माथा आला म्हणून एअरबस आपोआप उतरू लागत नाही, बटण वैमानिकालाच दाबावं लागतं. सिममध्ये ते आपोआप झालं तर तिथे मात्र खरेपणा कमी पडला म्हणा. बोइंग ७३७ चं वेगळं : व्हीनॅव्ह (आखलेल्या वाटेने वर-खाली नेणारा त्याचा मोड) चालू असेल आणि खालची उंची आधीच लावून ठेवली असेल, तर ते माथ्यावरून स्वतःच उतरू लागतं.

दुसरे एक : मला तर ही भाषांतरंच धोक्याची वाटतात. पॅनेलवर जे लिहिलंय तेच देवनागरीत लिहा. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून बंगळूरला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं ए३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात कोसळलं, १४६ पैकी ९२ माणसं गेली. शेवटच्या टप्प्यातही ते आयडलवरच्या ओपन डिसेंटमध्ये राहिलं होतं, वेग घटत गेला. कोणता मोड चालू आहे हे नावावरून डोक्यात पक्कं बसलं नाही की काय होतं, ते बघा.

उत्तर : पॅनेलवरचं नाव बदला असं मीही म्हणत नाही, कॉकपिटात तेच हवं. पण तुम्ही सांगितलेल्या अपघातात घात ‘ओपन’ शब्दामागच्या गोष्टीने केला : इंजिनं आयडलवर, आणि ती आपणहून जोर धरणार नाहीत. ‘मुक्त’मध्ये हे दिसत नाही. खरं सांगायचं तर माझ्या ‘मोकळी’तही दिसत नाही.

प्रश्नकर्ता : मग ‘बिनजोराची उतरण’?

उत्तर : हे माझ्या शब्दापेक्षा बरं आहे. घ्या. पुढे कंसात ‘ओपी डीईएस’ लिहा, म्हणजे पॅनेलशी जुळेल.