आहारतज्ज्ञच अन्नाला घाबरू लागले तर?

तुपाची_वाटी: हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून मला ११ वर्षं झाली. गेल्या होळीला माहेरी गेले तेही स्वतःचा डबा घेऊन: नाचणीची भाकरी, उकडलेली भाजी. आईने तव्यावरची पुरणपोळी माझ्या ताटात वाढली. मी ती भावाच्या ताटात सरकवली. गूळ किती, मैदा किती, हा हिशेब डोक्यात आधीच झाला होता. आई काही बोलली नाही, तुपाची वाटी उचलून आत घेऊन गेली. ते मला अजून खुपतंय.

अमेरिकी डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ मध्ये याला 'ऑर्थोरेक्सिया' हे नाव दिलं. इथे ध्यास वजनाचा नसतो, 'शुद्ध' खाण्याचा असतो. ऑस्ट्रियातल्या स्त्री आहारतज्ज्ञांच्या २००६ मधल्या पाहणीत जवळपास १३ टक्के जणींमध्ये तो आढळला, आणखी सुमारे ३५ टक्के जणींमध्ये काही लक्षणं. आमच्या क्षेत्रात मात्र याचं कौतुक होतं, 'किती निष्ठा!' म्हणून. विद्यार्थिनींना शिकवतानाच त्यांच्या स्वतःच्या ताटाबद्दलही बोललं जावं, असं माझं ठाम मत आहे.

मोडाची_मटकी: अजिबात पटलं नाही. हा ध्यास ओळखायला ब्रॅटमनने जे प्रश्न दिलेत, त्यांत एक असा आहे की, उद्याचं खाणं आजच ठरवता का? मटकीला मोड यायला दोन दिवस लागतात. उसळ करणारं प्रत्येक घर यात सापडेल! हाच ध्यास मोजणाऱ्या ऑर्टो-१५ या प्रश्नावलीवरही हाच आक्षेप आहे, की जपून खाणारा आणि आजारी यांतला फरक तिला कळत नाही. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकी सूचीत, या नावाचा आजारच नाही. माझ्या वडिलांचा पाय मधुमेहाने गेला. मीही आहारतज्ज्ञ आहे, घरात साखर मोजते आणि मोजणारच. याला विकार म्हणू नका.

ओपीडी_नंबर_३: पेशंट आधी आमचं पोट बघतात, मग तक्ता. 'मॅडम, तुमचंच वजन वाढलंय' हे तोंडावर ऐकलंय मी. हा दबाव कुणी मोजत नाही.

तुपाची_वाटी: @मोडाची_मटकी, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. साखर मोजणं हा विकार नाहीच. जर्मनीत पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर २०१० मध्ये अभ्यास झाला, त्यात शिक्षण पुढे गेलं तसा हा ध्यास थोडा कमीच दिसला, हेही तुमच्या बाजूने जातं. पण माझं सांगते. प्रवासात भूक लागली, समोर गरम इडली होती, आणि तेल कुठलं ते माहीत नाही म्हणून मी सात तास उपाशी बसले. त्या दिवशी मी कुठली तब्येत जपत होते?

मोडाची_मटकी: इडलीचं ऐकून गलबललं. त्यासाठी समुपदेशकाकडे जा, नक्की जा. पण कॉलेजने मुलींच्या ताटावर नजर ठेवायला माझा विरोध कायम आहे.

इंटर्न_२२: ताई, नजर आत्ताही असतेच. हॉस्टेलच्या मेसमध्ये कुणी दुसऱ्यांदा भात घेतला की आमचं अख्खं टेबल गप्प होतं. माझी पाळी चार महिने आली नव्हती. वर्गात कुणाला सांगितलं नाही, कारण सगळ्या म्हणायच्या, 'तुझ्यासारखा कंट्रोल हवा.'