बाळाला बसायला-चालायला शिकवायचं, की आपोआप येऊ द्यायचं?

पायवाट (धागाकर्ता)

"वेळ आली की चालेल" असं सगळेच म्हणतात. पण ही वेळ ठरवतं कोण? केनियातल्या किप्सिगिस लोकांत बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की जमिनीत उथळ खड्डा करून त्यात बसवतात आणि भोवती कापडं खोचतात. पाठीला आधार मिळतो, तोल मात्र बाळालाच सांभाळावा लागतो. चालण्याचा सरावही असाच ठरवून करून घेतात. संशोधक चार्ल्स सुपर यांनी 1976 साली मांडलं की ही बाळं अमेरिकी बाळांपेक्षा साधारण महिनाभर आधी बसतात आणि चालतात. पण पालथं पडण्यात आणि रांगण्यात ती पुढे नव्हती, कारण ते त्यांना कुणी शिकवतच नाही. म्हणजे "त्या वंशाची मुलंच चपळ" हे स्पष्टीकरण बाद. ज्याचा सराव दिला, तेवढंच लवकर आलं. माझं मत: सराव द्यावा.

संथ वाहते

लवकर येतं, मान्य. पण मिळालं काय? ताजिकिस्तानात बाळाला 'गाहवोरा' नावाच्या पाळण्यात उताणं निजवून हात-पाय कापडी पट्ट्यांनी बांधतात. खाली भोक असतं, लघवी नळीतून भांड्यात जाते, आई वरून वाकून दूध पाजते. रोज कित्येक तास असं. ही बाळं उशिरा बसतात, उशिरा चालतात. चार-पाच वर्षांची झाली की धावण्या-उड्या मारण्यात इतर मुलांच्या बरोबरीला आलेली असतात. पराग्वेच्या जंगलातले आचे लोक साप-काट्यांच्या भीतीने मूल हाताच्या अंतरापलीकडे जाऊ देत नाहीत. तिथे मुलं दोन वर्षांच्या आसपास चालू लागतात, आणि पुढे हीच उंच झाडांवर सरसर चढतात. महिनाभराच्या आघाडीसाठी खड्डे कशाला खणायचे?

शिवाय बुडापेस्टच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांचा नियम बघा: बाळ स्वतःहून ज्या स्थितीत जाऊ शकत नाही, तिच्यात त्याला ठेवायचं नाही. कारण अगदी व्यवहारातलं आहे. बसवलेल्या बाळाला बसणं जमतं, पण त्यातून बाहेर पडणं जमत नाही. बाजूचं खेळणं घ्यायला वळलं की कलंडतं आणि मग रडतं. कुशीवर वळून, कोपरावर भार देऊन जे आपलं आपण उठून बसतं, त्याला परतीची वाट ठाऊक असते.

पायवाट

पिकलर यांचा नियम निवासी बालगृहात घडला, जिथे मोकळी जमीन आणि शांत, ठरलेल्या दाया होत्या. जिथे आई दिवसभर कामात असते तिथे बसतं बाळ म्हणजे सोय असते. सोय हेही कारणच आहे की!

कोपरखळी

अमेरिकेतल्या होपी आदिवासींचा दाखला राहिला. वेन आणि मार्सेना डेनिस या संशोधकांनी 1940 मध्ये मांडलं की फळीला बांधून वाढवलेली होपी बाळं आणि न बांधलेली होपी बाळं साधारण एकाच वयात, पंधराव्या महिन्याच्या सुमारास चालली. म्हणजे सराव गौण.

पायवाट

अहो, त्याच वेन डेनिस यांचं 1960 चं तेहरानच्या अनाथालयांवरचं काम बघा. दोन संस्थांत मुलं बहुतेक वेळ खाटेवर उताणी पडून असायची. दुसऱ्या वर्षातल्या निम्म्याहून कमी मुलांना बसता येत होतं, आणि तीन ते चार वर्षांच्यांत एकटी चालणारी फक्त 15 टक्के. होपी बाळांना फळीबाहेरही वेळ मिळत होता, मांडीवर, जमिनीवर. संधी शून्यावर आली की 'आपोआप' काहीच होत नाही.

संथ वाहते

संधी हवी, हे मीही म्हणते. संधी म्हणजे शिकवणी नव्हे.

तळटीप

दोघांनाही एक जोड. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकतं, आणि दोनेक महिन्यांत हे थांबतं. मानसशास्त्रज्ञ झेलाझो यांनी 1972 मध्ये दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात रोज 12 मिनिटं हा सराव दिला, तर ती बाळं लवकर चालली. बाळं मोजकीच होती, हे लक्षात ठेवा. पुढे बालविकासाच्या अभ्यासक एस्थर थेलेन यांनी दाखवलं की पावलं मेंदूने बंद केलेली नसतात. पायांवर चरबी स्नायूंपेक्षा भरभर चढते आणि पाय उचलवत नाही. बाळाला छातीपर्यंत पाण्यात धरलं की पावलं परत सुरू! मला इथे पायवाट यांचं पारडं जड वाटतं. सराव म्हणजे निम्मं ताकद कमावणंच.

मात्र वॉकर म्हणजे सराव नव्हे. बाळ चवड्यांनी रेटतं, ट्रेमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत, तोल जातच नाही म्हणून सावरायला शिकत नाही. वर जिन्यावरून गडगडण्याचा धोका. कॅनडाने 2004 पासून वॉकरवर बंदी घातली आहे.

कोपरखळी

मग उशीर कधी समजायचा?

तळटीप

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या मुलांवरून 2006 मध्ये वयाचे पट्टे दिले: आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने, एकटं चालणं 8.2 ते 17.6 महिने. हात-गुडघ्यांवर रांगणं 4.3 टक्के मुलांनी केलंच नाही, त्यामुळे त्यावरून घाबरू नका. अठराव्या महिन्यापर्यंत चालत नसेल, किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि बाळाला कापडात बांधायचंच असेल तर पाय सरळ ताणून बांधू नका, खुबा निखळू शकतो. जपानमध्ये 1975 च्या सुमारास त्याविरुद्ध मोहीम झाली आणि खुबा सरकण्याचं प्रमाण खूप घटलं. कापड छातीशी बेताचं, दोन-तीन बोटं आत जातील इतकं, आणि कमरेखाली ढिलं. गुडघे वाकून बाहेर फाकता आले पाहिजेत. बाळ कूस वळायची धडपड करू लागलं की बांधणं बंद.

संथ वाहते

हे पटलं. खड्डा मात्र नाही. जागेपणी पालथं ठेवणं चालेल: सुरुवातीला तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, कडक सपाट जागेवर आणि नजरेसमोर. झोपवताना मात्र उताणंच.

पायवाट

म्हणजे रांगण्याची शिकवणी तुम्हीही देताच!