स्प्रेवाल्या पोरांना आत टाकून भिंती स्वच्छ होणार?

सीवूड्सकर: "भुयारी मार्गात स्प्रे मारणाऱ्या पोरांना आत टाका, नवी मुंबई आपोआप चकाचक होईल." घोडबंदरवाला यांची ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. अहो, विद्रूपीकरणाचा कायदा १९९५ पासून आहेच. ३ महिन्यांपर्यंत कैद, २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रात्री दोनला पकडायला कोण जाणार? भिंतीवर स्प्रेने मारलेली नावाची सही दिसली की लगेच पुसा. नाव टिकलंच नाही, तर मिरवणार काय?

घोडबंदरवाला: लगेच पुसायला मुकादम काय तुमचा मामा लागतो? आमच्या सोसायटीच्या भिंतीवर तक्रारीनंतर नुसता चुना फासून गेले. पहिल्याच पावसात चुना वाहून गेला, खालची निळी सही जशीच्या तशी!

नेरुळ_पूर्व: चुन्याने स्प्रे झाकत नाही, आधी प्रायमर लागतो. आणि प्रत्येक भिंत पालिकेची नसते. सायन-पनवेल महामार्गावरचे पूल सार्वजनिक बांधकाम खात्याचे. तक्रार इकडून तिकडे फिरतेय तोवर पोरगं दुसरी सही करून मोकळं.

कोपरीची_काकू: पोरांच्या सह्या दिसतात, दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स नाही दिसत? आमच्या नाक्यावर सिग्नलच झाकलाय. बेकायदा फलकांवरही ह्याच कायद्याने गुन्हे दाखल होतात. २०१७ मध्ये हायकोर्टानेही झापलं होतं. पुढे?

घोडबंदरवाला: काकू, फ्लेक्स काढता येतो. स्प्रे निघत नाही. उगाच राजकारण आणू नका.

कोपरीची_काकू: काढता येतो ना? मग काढा की! गणपतीचा फ्लेक्स दिवाळीपर्यंत लोंबत होता, त्याची दोरी माझ्या मुलाच्या गळ्याला लागली स्कूटरवर. राजकारण म्हणे!

नेरुळ_पूर्व: मुलगा बरा आहे ना? बाकी फ्लेमिंगोची चित्रं काढली तिथे सह्या कमी झाल्या, हे मान्य करा.

सीवूड्सकर: सह्या कमी, हो. आमच्याकडच्या फ्लेमिंगोच्या चोचीवर 'खोली भाड्याने' चिकटलंय आणि पायाशी गुटख्याच्या पिचकाऱ्या. पक्षी आणखी गुलाबी झालाय.

घोडबंदरवाला: बरं बाबा, पुसा लगेच. तुम्हीच जिंकलात. पण पकडलेल्याच्या हातात ब्रश द्या आणि त्याच्याकडूनच रंगवून घ्या.

कोपरीची_काकू: चालेल. ब्रश आधी दादांच्या हातात.

घोडबंदरवाला: विषय भिंतींचा चाललाय!